मशीनची पिल्लं

परवा भाजी घेऊन परत येताना चौकाच्या कोपऱ्यावर पाय थबकले. एका माणसानं सायकलच्या कॅरिअरवर पुठ्ठ्याचं मोठं खोकं बांधलं होतं आणि आत कोंबडीची पिल्लं दाटीवाटीनं उभी होती. कुणाला गुलाबी रंग दिलेला, कुणाला हिरवा, कुणाला निळा. लहान मुलांनी हट्ट धरावा म्हणून ते रंग. मी वाकले, तशी आतून एक उबट वाफ तोंडावर आली. कोंडा, ओली पिसं, शीट, आणि या सगळ्याच्या तळाशी नुकत्याच जगात आलेल्या जिवाचा एक गोडसर, दुधकट वास. हा वास पन्नास वर्षांत माझ्या नाकाशी आला नव्हता. पण माझ्याही आधी माझ्या हातांनी तो ओळखला. पिशवी मनगटावर सरकली, डावा तळवा आपोआप वाटीसारखा झाला आणि उजव्या हाताची बोटं त्यावर झाकणासारखी आली. पिल्लू असंच धरायचं असतं. मूठ आवळायची नाही, फार सैलही सोडायची नाही. त्याचे पाय तळव्याला टेकलेले हवेत, म्हणजे ते भीत नाही. हे मला माझ्या आत्यानं शिकवलं.

ते बहात्तर साल. आमचं गाव तिसगावपासून चालत तासाभराच्या वाटेवर, माळाच्या उतारावर पसरलेलं. त्या दुष्काळाविषयी पुष्कळांनी पुष्कळ सांगितलं आहे. मी तेव्हा दहा वर्षांची होते, आणि माझ्या आठवणीत दुष्काळ म्हणजे मुख्यतः एक आवाज आहे. खडी फुटण्याचा. सकाळी उन्हं वर आली की रस्त्याच्या कामावरून तो ठकठक आवाज सुरू व्हायचा आणि दिवस मावळेपर्यंत गावावर टपटपत राहायचा. आई पाटी उचलायला जायची. वडिलांचं अक्षर चांगलं होतं म्हणून त्यांना हजेरी लिहायचं काम मिळालं होतं. दोघं भाकरी बांधून घेऊन बाहेर पडत. भाकरी रेशनच्या लाल मिलोची, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या ज्वारीची. हातात धरली तरी तिचे तुकडे पडायचे. माझी शाळा सकाळची. दुपारी घरी आले की घरात दोनच माणसं, मी आणि आत्या.

आत्या वडिलांची सगळ्यात धाकटी बहीण. विशीच्या आसपासची असेल. दोन वर्षांपूर्वी तिला देवळाली प्रवराच्या बाजूला, पाटाच्या पाण्याखालच्या एका वस्तीवर दिली होती. आमच्याकडची माणसं त्या मुलखाचं नाव काढताना आवाज जरासा हळू करत. उसाचे मळे नुसत्या बोलण्यातही डोळ्यांपुढे उभे राहात असावेत. तिकडे तिला मुलगा झाला आणि एकविसाव्या दिवशी तो गेला. पुढच्याच महिन्यात सासरे तिला घेऊन आले, चार दिवस माहेरी राहू द्या म्हणाले, चहा घेऊन निघून गेले. त्या चार दिवसांचे चार महिने झाले, कुणी न्यायला आलं नाही.

ती का आली हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पण घरातल्या बायका धान्य निवडताना बोलतात आणि मुलं ऐकतात. शेजारची काकू आईला विचारत होती, आणि आई खालच्या आवाजात सांगत होती की, झोपेत पोर हिच्या अंगाखाली गेलं असं तिकडची माणसं म्हणतात. आत्यानं ते कबूल केलं नव्हतं आणि नाकारलंही नव्हतं. ती बोलायचीच नाही. सांगितलेलं काम करायची, भांडी घासायची, झाडलोट करायची, आणि काम संपलं की माजघरातल्या धान्याच्या रिकाम्या कणगीला टेकून बसायची. मी तिच्या जवळून जाताना पावलं हळू टाकायची. एखाद्या आजारी माणसाच्या खोलीतून जावं तशी.

दिवाळी होऊन गेल्यावर पंचायत समितीचा एक माणूस सायकलवरून गावात आला. सरकारनं सुधारित जातीच्या कोंबड्यांची पिल्लं वाटायला काढली होती. गावाच्या वाट्याला एक खोकं. चावडीसमोर त्यानं ते उघडलं, लोक जमले, बघून हसले आणि पांगले. माणसालाच दाणा नाही तिथे ही विलायती पाखरं कोण पोसणार, असं ज्याचं त्याचं म्हणणं. वडील कामावरून परतत होते तेव्हा तो माणूस खोकं पुन्हा सायकलला बांधत होता. वडिलांनी विचारलं, आता यांचं काय? तो म्हणाला, परत नेतो, पण पोचायची नाहीत, गारठ्यानं वाटेतच जातील. वडील एवढं ऐकून तिथून पुढे जाऊ शकले नाहीत. हा त्यांचा स्वभाव होता आणि आईचं त्याबद्दल कायमचं गाऱ्हाणं होतं. ते खोकं डोक्यावर घेऊन घरी आले.

वीस पिल्लं होती. दोन खोक्यातच मेलेली निघाली. उरलेली अठरा पिवळीधमक, हळदीत लोळून आल्यासारखी. शेजारची काकू बघायला आली आणि म्हणाली की ही मशीनची पिल्लं, यंत्रात अंडी ठेवून उबवलेली. यांनी आई बघितलेलीच नाही, यांना खायचं कसं तेही कळणार नाही. ती खोटं बोलत नव्हती. अंगणात दाण्यांची भरड टाकली तर पिल्लं त्या भरडीवर उभी राहून ओरडत होती. पाण्याच्या थाळीत एक पिल्लू पडून भिजलं. काकूच्या घरची कोंबडी पिल्लांची होती. चार पिल्लं तिच्या पंखाखाली सारून पाहिली, तर तिनं टोचून टोचून त्यांना बाहेर काढलं. आईनं कपाळावर हात मारला. सूर्य कलला, गारवा पडायला लागला, आणि अठरा गळ्यांमधून एकच आर्त, चिरका आवाज उठायला लागला. पिल्लू सुखात असलं की त्याची चिवचिव खालच्या पट्टीत उतरत जाते, आणि भीतीत असलं की ती वर चढते, हे मला पुढे कळलं. त्या संध्याकाळी फक्त चढता आवाज होता, आणि तो सगळ्या घरात शिरला.

माजघराच्या दारात आत्या येऊन उभी राहिली. थोडा वेळ तिनं पाहिलं. मग खाली बसून ते भिजलेलं पिल्लू उचललं, पदरानं पुसलं, पोटाशी धरलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "पानी कोमट कर."

चार महिन्यांत मी ऐकलेलं तिचं पहिलं वाक्य ते. मी इतकी दचकले की काय करायचं हेच विसरले. तिनं पुन्हा सांगितलं, तेव्हा चुलीकडे धावले.

त्या दिवसापासून मी आत्याला काम करताना पाहू लागले. आधी बघत होते ती नुसती हालचाल होती. तिनं मोठं डालगं घेतलं, वेताचं, कोंबड्या झाकायचं असतं ते; तळाला पोतं आणि त्यावर भुसकट पसरलं. मातीच्या बुडकुल्यात गरम पाणी भरून, तोंड बांधून, ते गोधडीच्या तुकड्यात गुंडाळून मधोमध ठेवलं. पिल्लं त्याला चिकटली आणि आवाज हळूहळू खाली आला. मग एकेक पिल्लू उचलून त्याची चोच ती कोमट पाण्यात बुडवायची. पिल्लू डोकं वर करून गिळायचं, आश्चर्यानं तिच्याकडे बघायचं आणि दुसऱ्यांदा आपणहून वाकायचं. दाणे टिपायला शिकवताना ती तर्जनी वाकवून जमिनीवर टकटक करायची, कोंबडी चोच मारते तशी, आणि घशातून एक बारीक कुट-कुट आवाज काढायची. पिल्लं त्या बोटाभोवती गोळा व्हायची. बोट जिथे पडेल तिथे चोच मारायची. दोन दिवसांत ती खाऊ लागली. काहींची शीट पिसांना चिकटून मागची वाट बंद होत होती. आत्या कापूस भिजवून एकेकाला साफ करायची. मी नाक मुरडलं, तर माझ्याकडे न बघता म्हणाली की तुझंबी केलंय मी. मी लहान असताना तिनंच मला खेळवलं होतं, हे तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं.

पहिल्या आठवड्यात तीन गेली. पंधरा राहिली आणि ती टिकली.

मिलोची भरड त्यांना पुरेना, म्हणून आत्यानं एक युक्ती काढली. बांधाकडेला फुटकं मडकं घेऊन जायचं, त्यात वाळकं शेण आणि काटक्या भरायच्या, थोडं पाणी शिंपडून ते जमिनीवर पालथं घालायचं. दुसऱ्या दिवशी उचललं की आत वाळवी भरलेली, पिल्लांना मेजवानी. त्या रखरखीत वर्षात जमिनीवर काही उगवत नव्हतं, पण तिच्या पोटात हे एवढं जिवंत होतं. आम्ही दोघी दुपारी मडकी उचलत फिरायचो. पिल्लं आमच्या मागे रांगेनं यायची. खरं तर आमच्या मागे नाही, तिच्या मागे. तिचं हिरवं लुगडं त्यांनी आई म्हणून धरलं होतं. ती थांबली की थांबायची, बसली की तिच्या ओच्यात चढायची, आणि उन्हात तिचा डोळा लागला की तिच्या पायांच्या बोटांवर मान टाकून झोपायची. एकदा ते लुगडं धुवायला टाकून ती आईचं लाल लुगडं नेसून बाहेर आली, तर पंधराच्या पंधरा पिल्लं चित्कारत भिंतीला जाऊन लागली. तिनं कुट-कुट केलं. एकेक मान वर झाली, तिरपी झाली, आणि मग सगळा घोळका तिच्या पायांवर येऊन आदळला. आत्या हसली. आई नेमकी कामावरून परतत होती. ते हसू ऐकून ती डोक्यावरची पाटी तशीच धरून दारात थांबली.

मला वाटायचं, माझंही एखादं पिल्लू असावं. एक जरा लंगडं होतं, त्याला मी माझं ठरवलं. त्यासाठी तासन्‌तास हात जमिनीवर पसरून बसायची. आत्यानं सांगितलं होतं की आपण पकडायचं नसतं, त्यानं यायचं असतं. हात हलवायचा नाही, त्याला रोखून बघायचं नाही. तिसऱ्या दिवशी ते माझ्या तळव्यावर चढलं, दोनदा गोल फिरलं आणि बसलं. किती हलकं होतं ते! आणि त्याच्या पोटाखाली जे धडधडत होतं ते त्याच्या आकाराला न शोभण्याइतकं मोठं होतं. माझ्या हातावर कुणी विश्वास ठेवण्याची ती पहिलीच वेळ.

आणि त्याच हातानं मी पुढे जे केलं ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

मार्गशीर्षातली एक दुपार. टँकर आला अशी हाक आली. आत्या घागर घेऊन निघाली. जाताना पिल्लं डालग्याखाली झाकून तिनं वर दगड ठेवला आणि मला बजावलं की एक मुंगूस फिरतंय, दगड काढू नको. ती गेल्यावर मला माझं लंगडं पिल्लू हवंसं वाटलं. मी दगड काढला, पिल्लू घेतलं. तेवढ्यात टँकरपाशी बायकांचा गलका झाला. काय झालं ते बघायला तो दगड कुंपणापाशी नेऊन मी त्यावर चढले. बघता बघता रमले, पिल्लू हातात घेऊन टँकरपर्यंत गेले. परत आले तेव्हा डालगं कलंडलेलं होतं. अंगणात पिसं होती, रक्ताचे थेंब होते. सहा पिल्लं गेली होती. बाकीची आठ चुलीमागे, कणगीखाली, कुठे कुठे अंग चोरून बसली होती, आणि त्यांच्या तोंडून आवाजसुद्धा फुटत नव्हता.

आत्या भरलेली घागर घेऊन आत आली. तिनं अंगणाकडे पाहिलं, डालग्याकडे पाहिलं. घागर उतरवायची राहिली. मला म्हणाली, "दगड कुठं गेला गं?"

आईचा मार, वडिलांची नजर, आत्याचं ते थिजलेलं तोंड, हे सगळं एकदम माझ्या अंगावर आलं आणि मी म्हणाले, "तूच ठेवला न्हाईस. जाताना पानी पाजलंस पिल्लांना, तवा काढलास, मग इसरलीस."

तिनं आठवायचा प्रयत्न केला. मला तो प्रयत्न तिच्या चेहऱ्यावर दिसला. मग जणू कुणीतरी आतून दिवा मालवावा तसा तो चेहरा विझत गेला. "व्हय," ती म्हणाली, "इसरले आसंन."

मला वाटलं, सुटले. पण ती घागर उतरवून सरळ माजघरात गेली आणि कणगीला टेकून बसली. संध्याकाळी आईनं पिल्लांना बघायला हाक मारली तर म्हणाली, "माज्या हातात काय बी देऊ नका, वयनी." त्यानंतर पुन्हा गप्प. सकाळी कामाला उठली, भांडी घासली, पण अंगणात पाऊल टाकलं नाही. पिल्लं माजघराच्या उंबऱ्यापाशी येऊन उभी राहात, मान लांब करून आत बघत आणि ओरडत. मी त्यांना भरड टाकली, बोटानं टकटक केलं, घशातून तसाच आवाज काढायचा प्रयत्न केला. पिल्लं माझ्याकडे वळूनही बघत नव्हती. माझं लंगडं पिल्लूसुद्धा त्या उंबऱ्यापाशीच.

मी दहा वर्षांची होते, पण धान्य निवडताना ऐकलेलं सगळं मला आठवत होतं. तिकडच्या माणसांनी तिला काय म्हटलं, हे मला माहीत होतं, आणि मी तिला तेच पुन्हा म्हटलं होतं. तुझ्या हातून जीव गेला. दुसऱ्या दिवशी शाळेत गुरुजींनी पाढे विचारले, मी उभी राहिले आणि रडू लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी घरी आले, दप्तर ठेवलं आणि माजघरात तिच्यासमोर जाऊन बसले. म्हणाले की दगड तू ठेवला होतास, मी काढला, मी खोटं बोलले.

मला वाटलं होतं ती रागावेल. तिनं विचारलं, "माजी समजूत काढायला म्हनतीस का हे? वयनींनी सांगितलं का तुला, असं म्हन म्हनून?"

मी खोटं बोलले तेव्हा तिनं एका दमात माझ्यावर विश्वास ठेवला होता. खरं बोलले तर तिला ते पटत नव्हतं. मी तिचा हात धरून तिला ओढतच बाहेर नेलं. कुंपणाच्या बाभळीच्या काट्यांपाशी तो दगड अजून पडलेला होता. त्याच्यावर माझ्या पायांची धूळ होती आणि समोरच्या काट्याला माझ्या परकराचा एक धागा अडकलेला होता. तिनं तो दगड पाहिला. वाकून धागा काढला, माझ्या परकराशी लावून पाहिला. मग तिनं माझ्या गालावर एक सणसणीत चापट मारली. आयुष्यात पहिली आणि शेवटची. मी रडले नाही. त्या चापटीनं मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू.

ती त्या दगडावर बसली. पिल्लं धावत आली होती. दोन तिच्या ओच्यात, बाकीची पायांशी. तिचा एक हात त्यांच्यावर फिरत होता. मग माझ्याशी नव्हे, कुणाशीच नव्हे, अशी ती बोलायला लागली. "दोन दिस ताप हुता त्याच्या अंगात. मी सांगत हुते. म्हनले, छाती भरलीया त्याची, डाक्टरकडं न्या. समदे म्हनले, लेकराला हुतो ताप. आन मग तो गेल्यावर समदे म्हनले, तुज्या अंगाखाली गेला." ती थांबली. "समदे म्हनत्यात म्हंजी तसंच आसंल, असं मला बी वाटाया लागलं. मी जागी हुते गं त्या येळी. मी मांडीवर घिऊन बसले हुते त्याला."

थोड्या वेळानं ती उठली आणि मडकी उचलायला निघाली. त्या रात्री जेवताना तिनं हेच सगळं आईवडिलांसमोर पुन्हा सांगितलं, सरळ, न अडखळता. वडिलांचा घास ताटातच राहिला. एवढे महिने आपण तिला काहीच विचारलं नाही, असं ते आईला नंतर कितीदा तरी म्हणाले.

नऊ पिल्लं मोठी झाली. पिवळा रंग उतरून अंगभर पांढरीशुभ्र पिसं आली आणि डोक्यावर लाल तुरे फुटले. तीन नर निघाले, त्यांचं पुढे घराघरांतून जे होतं ते झालं. आत्या त्या दिवशी दिवसभर मडक्यांकडे फिरत राहिली. सहा माद्या राहिल्या. दुसऱ्या वर्षी पाऊसपाणी बरं झालं, आणि त्याच सुमाराला त्या अंडी घालू लागल्या. पांढऱ्या अंड्यांचं गावाला अप्रूप. आत्या ती गावातल्या बाळंतिणींच्या घरी नेऊन द्यायची. अंडं द्यायच्या निमित्तानं तिथे थांबायची, बाळाकडे दुरून बघायची, आणि कुणाच्या बाळाला ताप आहे असं कळलं की आमच्या वडिलांना सायकल काढायला लावायची. तिच्या बोलण्याला त्या बाबतीत एक धार आली होती. लोक ऐकत.

श्रावणात तिचा नवरा आला. एकटा. उंच, सावळा, खाली मान घालून बोलणारा माणूस. त्यानं तिला कधी दोष दिला नव्हता, आणि कुणी दिला तेव्हा तोंडही उघडलं नव्हतं. ओसरीवर बसून तो वडिलांना म्हणाला की पाव्हणं, मी न्यायला आलोय. वडील म्हणाले, तिला विचारा. आत्या अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती. ती जागची हलली नाही. तिथूनच म्हणाली, "एक इचारते. तुमी येकदा तरी म्हनलात का घरात, की हिची चूक न्हाई?"

कोंबड्या दाणे टिपत होत्या, तेवढाच आवाज. मग तो म्हणाला, "न्हाई म्हनलो. चुकलं माजं."

"मग जावा, आन आदी तिकडं म्हना," आत्या म्हणाली, "समद्यांफुडं. मग या."

तो गेला. आईनं दोन दिवस तिच्याशी अबोला धरला. बाईनं असं बोलू नये, आता तो परत येत नाही, असं तिचं म्हणणं. तो पंधरा दिवसांनी आला, आणि त्याच्याबरोबर सासू होती. सासूनं काही फार बोलून दाखवलं नाही. ओसरीवर बसल्या बसल्या पदर डोळ्यांना लावला आणि सुनेला जवळ बोलावलं, एवढंच. आत्यानं तेवढ्यावर जायचं ठरवलं. जाताना एका डालग्यात चार कोंबड्या बांधून एस.टी.च्या टपावर चढवल्या. दोन माझ्यासाठी ठेवल्या, त्यातली एक लंगडी. गाडी हलल्यावर मला रडू फुटलं आणि मी पुष्कळ दिवस कुणाशी धड बोलले नाही. मोठी माणसं म्हणाली, कोंबड्या नेल्या म्हणून रडते.

तिला पुढे दोन मुली झाल्या. संसार बरा झाला, चांगलाच म्हणावा असा. तिच्या घरी मी सुट्टीत जायची. पाटाच्या कडेला पांढऱ्या कोंबड्यांचा तांडा फिरत असायचा आणि वस्तीवरची पोरं तिच्यामागे कोंबड्यांसारखीच हिंडायची. सगळं होतं. फक्त एक गोष्ट होती, आणि ती मला उशिरा कळली. तिच्या दोन्ही मुली पाळण्यात वाढल्या. तान्ह्या मुलीला कुशीत घेऊन ती कधी झोपली नाही. पाजायची ती बसून, भिंतीला टेकून, डोळे उघडे ठेवून. मुलगी झोपली की पाळण्यात ठेवायची आणि मगच आडवी व्हायची. खरं काय ते तिला माहीत होतं. जगाला तिनं सांगितलंही होतं. तरी अंगात कुठेतरी ते एक वाक्य राहून गेलं होतं.

माझं पहिलं बाळंतपण माहेरी झालं तेव्हा आईचा हात मोडलेला होता, म्हणून आत्या देवळालीहून आली. ती माझ्या मुलीला न्हाऊमाखू घालायची, धुरी द्यायची, पाय लांब करून त्यावर पालथं घालून तेल चोळायची. पण मुलगी झोपायला आली की एक तर माझ्या कुशीत द्यायची, नाहीतर पाळण्यात ठेवायची. एका दुपारी मुलगी काही केल्या राहात नव्हती. पाळण्यात ठेवली की टाहो फोडायची. मला तीन रात्रींची झोप नव्हती. मी म्हणाले, आत्या, तू जरा आडवी हो आणि हिला कुशीत घे.

"बसते की मी," ती म्हणाली.

"बसू नको. झोप. मी पण झोपते."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मुलगी तिच्या हातात दिली, कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. मागे पुष्कळ वेळ काही हालचाल नव्हती. मग बाजेची दोरी करकरली. मुलीचं रडणं एकदोनदा उसळलं आणि शांत होत गेलं.

आत्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. ज्या माळावर आम्ही मडकी पालथी घालत होतो तिथून आता डांबरी रस्ता जातो, आणि त्या दुष्काळाची गोष्ट सांगायला लागले की माझी नातवंडं ती राजाराणीच्या गोष्टीसारखी ऐकतात. काळ पुष्कळ काही घेऊन गेला. काही गोष्टी त्यानं भरूनही काढल्या असतील, मला माहीत नाही. त्या दुपारी आत्याच्या मनातलं सगळं निवळलं असं मी म्हणणार नाही. मला एवढंच सांगता येतं की मी भिंतीकडे तोंड करून पडले तेव्हा झोपल्याचं सोंग केलं नव्हतं. मी खरोखर झोपले, गाढ, तोंड उघडं टाकून, आणि चांगले तीन तास झोपले. माझं बाळ तिच्या कुशीत ठेवून मी अशी झोपलेली, हे तिनं मान वळवून एकदा तरी बघितलं असणार.